कानानं शिजवलेली भेंडी

आबांची आणि माझी ओळख भिंतीआडून झाली, आणि तीही भांडणानंच झाली.

लग्न होऊन मला सहा महिने झाले होते. आमचे हे प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांची बदली उंब्रजपासून दोन कोसांवरच्या एका गावी झाली आणि त्यांच्यामागोमाग मी बिऱ्हाड घेऊन गेले. मी सांगलीची, पेठेत वाढलेली. खेड्यात राहायला जाऊन आपण त्या गावावर उपकार करतो आहोत, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. आबांच्या घराचा अर्धा भाग आम्हाला राहायला मिळाला. मधली भिंत आढ्यापर्यंत गेलेलीच नव्हती, डोक्याच्या वर हातभर जाऊन थांबली होती. त्यामुळे त्यांचा खोकला आमच्या घरात आणि आमची भांडीकुंडी त्यांच्या घरात वाजायची.

श्रावणातली सकाळ होती. मी भेंडी चिरली, मग धुतली, फोडणीला टाकली आणि लवकर शिजावी म्हणून वर झाकण ठेवलं. पाचच मिनिटांत भिंतीपलीकडून आवाज आला.

"आवं मास्तरीणबाय, झाकण काडा! रडाय लागलीया ती."

मी दचकले. "कोण रडतंय?"

"भेंडी. आन् कोन?"

मास्तरांची बायको म्हणून मी मास्तरीण. तेवढं मी चालवून घेतलं असतं. पण परक्या पुरुषानं भिंतीपलीकडून माझ्या चुलीवर कान ठेवावा म्हणजे काय? मी मुद्दाम झाकण तसंच राहू दिलं. दुपारी यांच्या ताटात जे पडलं त्यात भेंडी कमी आणि खळ जास्त होती. हे अन्नाला नावं ठेवणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी नुसतं ताक मागून घेतलं, आणि ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

संध्याकाळी दारात एक वाटी आली. आत चकत्या केलेली भेंडी, हिरवीगार, सुटीसुटी, लसणाचा वास येणारी. माझ्या सासरी सोवळंओवळं कडक, दुसऱ्याच्या चुलीवरचं खायचं नाही. मी घेऊ की नको अशी उभी राहिले, तर आबा म्हणाले, "घ्या घ्या. पान्याचा थेंब न्हाई त्यात. तुमच्या सोवळ्याला सुदीक चालंल." मी ती भेंडी उभ्या उभ्या संपवली. यांच्यासाठी काही उरवलं नाही हे इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही.

आबा त्या वेळी पासष्टीच्या पुढे असतील. उंच, वाळके, अंगात बंडी, डोक्याला मुंडासं. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पांढरे डाग होते. मला आधी ते कोड वाटलं होतं. पण ते भाजल्याचे डाग होते. आबा गुळवे होते, म्हणजे गुऱ्हाळावर उसाचा रस काहिलीत आटवून त्याचा गूळ करणारे. रस उकळत असताना काहिलीपाशी उभं राहायचं आणि नेमक्या क्षणाला हात वर करायचा, की गडी काहील उचलून ओततात. क्षणभर आधी उतरली तर गूळ बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपतो. आबा तोंडानं कधी "उतरवा" म्हणत नसत. फक्त उजवा हात वर जायचा. त्या हातावर साऱ्या पंचक्रोशीचा भरवसा होता. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत त्यांना बोलावणं यायचं आणि चाळीस वर्षांत त्यांची काहील बिघडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. काहील आटत आली की गुळव्याशी कुणी बोलायचं नाही, अशी तिकडची रीत. तो जे ठरवील ते. चूक झाली तर त्याची आणि बरोबर आली तर त्याचीच.

आणि हा माणूस गूळ खात नसे. चहात सुद्धा नाही. "जल्मभर नाकानं खाल्ला की," म्हणायचे.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकच मुलगी, ती कोरेगावला दिलेली. दर उन्हाळ्यात ती न्यायला यायची आणि दर उन्हाळ्यात आबा तिला आंब्याची करंडी देऊन एकटीला परत पाठवायचे. स्वयंपाक स्वतःच करत. शेतकऱ्याच्या घरात म्हाताऱ्या पुरुषानं चुलीपुढं बसणं हाच मुळात गावाला विनोद होता, त्यात आबांना भेंडीचं वेड. परड्यात चार ओळी भेंडीच्या. श्रावणापासून दिवाळीपर्यंत रोज भेंडी, आणि एकदा नव्हे, दिवसातून तीन तीन, चार चार वेळा तवा चुलीवर चढायचा. एकटा माणूस खाऊन खाऊन किती खाणार? मग वाट्या भरभरून शेजारी जायच्या. लोक आबांच्या दारावरून जायचं टाळायला लागले होते. "म्हातारा चळला," असं पाणवठ्यावर बायका उघड बोलत.

चळल्यासारखंच वागणं होतं ते. भेंडी आदल्या दिवशी धुवून धोतराच्या फडक्यावर पसरायची. विळी कोरडी, हात कोरडे. चिरण्याआधी प्रत्येक भेंडीचं टोक बोटानं मोडून बघायचं. टक् असा आवाज आला तर ती कोवळी, नुसतीच वाकली तर ती जून, बाजूला. तवा तापल्यावर खिडकी लावून घ्यायची आणि डोळे मिटून चुलीपुढं बसायचं. त्या वेळी कुणी बोलायचं नाही. आमचे हे एकदा भाड्याचं काही विचारायला गेले तर आबांनी त्यांना हातानंच बाहेर घातलं. "मास्तर, आत्ता ती बोलतीया. तुमी मागनं या."

मला मात्र त्यांनी शिष्या केलं. कदाचित मी पहिल्याच दिवशी भांडले म्हणून असेल. "कान द्या," म्हणायचे. भेंडी तव्यावर पडली की आधी चरचर वाजते. मग चिकट तार सुटते आणि आवाज दबतो, बसतो, पचपच होतो. इथं बायका घाबरतात, पाणी शिंपडतात नाहीतर झाकण टाकतात, आणि इथंच सगळं बिघडतं. गप राहायचं, जाळ सांभाळायचा. थोड्या वेळानं तार आटते आणि आवाज पुन्हा मोकळा होतो, तडतडायला लागतो. तेव्हाच मीठ, तेव्हाच दाण्याचं कूट, आणि उतरवायची.

ताकातली भेंडी त्यांच्याकडूनच मी शिकले. आधी तव्यावर तार मोडून घ्यायची आणि मगच बेसन लावलेल्या घट्ट ताकात सोडायची. बोटभर कोवळ्या भेंडीला चीर देऊन आत कांदा-लसणाची चटणी, खोबरं, तीळ भरून ते अशी परतत की एकीचंही पोट फुटत नसे. तारुण्यात ते खाली अथणीच्या बाजूला गुऱ्हाळांवर गेले होते. तिकडच्या कानडी बायकांची चिंच-गुळातली भेंडी त्यांनी उचलली होती. ते तिला गोजू म्हणत. माझी आई सांगलीला तशीच करायची, त्यामुळे पहिल्यांदा ती खाल्ली तेव्हा मला माहेरची इतकी आठवण आली की मी पदरात तोंड घालून रडले. आबा म्हणाले, "आता भेंडी रडायची थांबली तर मास्तरीण रडाय लागली."

ती तार, तो चिकटपणा मला किळसवाणा वाटायचा. एकदा तसं बोलून गेले.

"वंगाळ म्हनू नगा तिला," आबा गंभीरपणे म्हणाले. "तव्यावर नको आन् काहिलीत पायजे, येवढंच."

तेव्हा कळलं की जून झालेली भेंडी आणि तिची खोडं आबा फेकत का नव्हते. गुऱ्हाळ सुरू झालं की ती खोडं ठेचून पाण्यात भिजवतात. त्या चिकट पाण्याची बादली तापत्या रसात ओतली की रसातली सगळी घाण त्या तारेला धरून वर येते. ती मळी काढून टाकली की खाली निवळशंख रस. सांगलीच्या गूळपेठेत मी वाढले, सोन्यासारख्या ढेपा रोज पाहिल्या, पण त्या सोन्यामागं भेंडीची ही तार आहे हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

गणपती झाले त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची गोष्ट. यांचा काळा कोट मी धुवून सोप्यातल्या खुंटीला वाळत घातला होता. हे शाळेत गेलेले. आबा परड्यातून आले, सोप्यात थांबले आणि म्हणाले, "काय मास्तर, आज साळा न्हाई व्हय?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. मी हसले. आबांनी उत्तराची वाट पाहिली. मग पुन्हा म्हणाले, "मास्तर, बरं न्हाई व्हय?" आणि कोटाच्या दिशेनं दोन पावलं टाकून हात पुढं केला. हाताला ओली बाही लागली. आबा तसेच उभे राहिले, बाही हातात धरून.

मिटलेले डोळे, लावलेली खिडकी, टोक मोडून बघणं, पावलं मोजल्यासारखं चालणं, सगळं एकदम माझ्यापुढं आलं.

"आबा," मी म्हटलं, "तुम्हाला दिसत नाही."

ते खाली बसले आणि म्हणाले, "दोन सालं झाली. आदी कडंकडंनं गेलं. गेल्या हंगामाला रसाचा रंग तरी कळत हुता. औंदा नुस्तं धुकं हाय."

"आणि काहील?"

"काहील बी बोलतीया, पोरी. तव्यावानीच. आदी खळखळ, मंग दबती, मंग मोकळी हुती. म्या कान तयार करतुया." त्यांनी बाही सोडली आणि कोट हातानं नीट केला. "गावाला वाटतं म्हातारा चळला. वाटू दे. खरं सांगू? मला भेंडी आवडत बी न्हाई."

हे कळलं तर काय होणार हे दोघांनाही माहीत होतं. गुऱ्हाळावर कुणी उभं करणार नव्हतं, मुलगी गाडी घेऊन येणार आणि आबा कोरेगावला जावयाच्या सोप्यात बसून राहणार. त्या माणसाच्या उजव्या हाताला उरलेल्या आयुष्यात काही काम उरणार नव्हतं. त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला, यांना सुद्धा सांगायचं नाही म्हणून. नवऱ्यापासून लपवलेली माझी ती पहिली गोष्ट.

दिवाळीला मी माहेरी निघाले तेव्हा आबांना बरोबर घेतलं. सांगलीत काम आहे असं त्यांनी गावात सांगितलं. हे दोन दिवसांनी यायचे होते, तेवढ्यात मी आबांना डोळ्यांच्या एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हातारे होते, त्यांनी सरळ सांगितलं. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. हा काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलीसुरली चार-सहा महिन्यांची.

परत येताना आम्ही गूळपेठेतून आलो. आबा एका वखारीपुढं थांबले, वासावर. समोर ढेपा रचलेल्या होत्या. त्यांनी एका ढेपेवर बोटानं टिचकी मारली, कान जवळ नेला, नाक लावलं. "हा घाईनं उतरीवलाय," म्हणाले. वखारवाला हसला आणि म्हणाला, "म्हातारबुवा, बरोबर ओळखलंत." आबांचा चेहरा असा उजळला की माझ्यानं बघवेना.

"येक हंगाम, पोरी," चालता चालता ते म्हणाले. "येकच. मंग म्या हून जातो कोरेगावला."

"आणि कुणी भाजलं तर?"

"उचलनारी मानसं डोळ्यानं धड हायती. म्या निस्ता हात वर करायचा हाय."

घरी आईनं चुलीवर भेंडी टाकली होती आणि आबा ओसरीवर बसले होते. आत पळी वाजली तसे ते म्हणाले, "आक्का, जाळ मोटा झालाय." आईनं माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली, आईनं लाकूड मागं ओढलं. जेवताना ती हळूच म्हणाली, "नुसते घरमालकच का गं हे? भाजी आज बरी झाली." मी काही सांगितलं नाही. मला शब्द पाळायची सवय लागली होती.

दिवाळीनंतर पाटलांच्या मळ्यात गुऱ्हाळ लागलं. आणि त्या वर्षी पाटलांनी इंजिन आणलं.

आजवर उसाचा चरक बैलांनी फिरायचा. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांपलीकडं आवाज नाही. आता दुसरी मोठी लढाई संपली होती, मिळेनासं झालेलं सामान हळूहळू मिळू लागलं होतं, आणि पाटलांना आधुनिक व्हायचं होतं. इंजिन सुरू झालं आणि सारा मळा त्याच्या ठोक्यांनी भरून गेला. दोन माणसांना एकमेकांच्या कानाशी ओरडून बोलावं लागत होतं. बघायला सगळं गाव जमलं होतं. मी आबांची भाकरी घेऊन गेले होते. आबा काहिलीपाशी उभे होते आणि त्यांच्या तोंडावर मला जे दिसलं ते आणखी कुणाला दिसलं नाही. सगळ्यांचे डोळे इंजिनाकडं होते.

तीन महिने, दिवसाला चार तवे, न आवडणारी भेंडी खाऊन त्यांनी कान तयार केले होते. आणि आता कानांचं काही चालणार नव्हतं.

रस आटत आला तसे आबा पाटलांना म्हणाले, "इंजान बंद करा."

"का वं आबा?"

"काहील उतरस्तवर बंद करा. त्या धडधडीनं गूळ बसत न्हाई."

माणसं हसली. पण पाटील आबांना मानणारे. इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. काहिलीतला आवाज मलाही ऐकू आला, जड, दबलेला, मग हळूहळू मोकळा. रसाचे बुडबुडे मोठे, सावकाश फुटणारे, रंग पिकल्या लिंबाचा. आबांचा हात वर गेला. काहील उतरली. गूळ असा पडला की पाटलांनी हाताला लागलेला चाटून डोळे मिटले.

आठ दिवस असं चाललं. प्रत्येक काहिलीला इंजिन बंद, मग पुन्हा हँडल मारून चालू. ते कधी पटकन सुरू व्हायचं, कधी तासभर रुसायचं. आबांचं नवं खूळ म्हणून गावात ते गाजलं. मी रोज भाकरीचं निमित्त करून जायची आणि हात वर जाईपर्यंत श्वास धरून उभी राहायची. रोज तो हात वर जाईपर्यंत रसाचं काय काय होतं ते बघत राहायची, दुसरं करणार काय?

नवव्या दिवशी पाटलांचा धीर सुटला. ऊस तोडून पडलेला, वाळत चाललेला.

"आबा, आज इंजान बंद हुनार न्हाई," पाटील म्हणाले. "बंद-चालू करायचं म्हंजी खेळ हाय व्हय? चाळीस सालं गूळ केलासा. डोळं हायती की तुमाला!"

आबा काहिलीकडं वळले.

इंजिन ठोके घालत होतं. आबा पुढं वाकले, नाकानं वाफ ओढली, पुन्हा सरळ झाले. कपाळावर घाम होता. उजवा हात मांडीपाशी थोडासा हलला आणि थांबला. आठ दिवस मी जे बघत होते तसे बुडबुडे झाले, तसाच रंग आला. हात वर गेला नाही. काहील उचलणारे आठ गडी त्या हाताकडं बघत उभे होते. रंग पुढं सरकायला लागला.

ती रीत मला माहीत होती. त्या क्षणी गुळव्याशी कुणी बोलायचं नाही, आणि बाईमाणसानं तर नाहीच. पण त्यांची चाळीस वर्षं माझ्या डोळ्यांदेखत करपत होती.

"आबा, आता!" मी पुढं होऊन त्यांच्या कानाशी ओरडले.

हात वर गेला.

काहील उतरली. गूळ उत्तम झाला. माणसं माझ्याकडं बघून हसली. "मास्तरीण गुळवी झाली की रं गड्या!" असं कुणीतरी म्हणालं. पाटीलही हसले. कुणाला संशय आला नाही. मी इतकी खुश झाले होते की घरी येताना वाटेत मला रडू आलं. मला वाटलं, मी त्यांना वाचवलं.

आबा घरी आले ते सरळ आमच्या दारात येऊन बसले.

"उद्यापास्नं न्हाई जायाचं," ते म्हणाले.

"का? गूळ चांगला झाला ना?"

"झाला की. तुमचा झाला." ते रागावलेले नव्हते, तेच मला सोसवेना. "पोरी, करपली असती तर माझी करपली असती. ती काहील तुमी उतरीवली. म्या निस्ता हात वर केला."

मी पाया पडले तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पांढऱ्या डागांचा तो हात मला तेव्हा फार जड लागला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन पाटलांना डोळ्यांचं सांगितलं. पाटलांना आधी खरं वाटेना. मग म्हणे ते आबांच्या शेजारी बांधावर बसून राहिले आणि त्यांनी त्या दिवशी इंजिन लावलंच नाही. आठवड्यानं कोरेगावहून गाडी आली. आबा निघाले तेव्हा परड्यातली भेंडीची खोडं त्यांनी गुऱ्हाळावर पाठवून दिली. "वाया घालवू नगा," एवढंच म्हणाले. मी गाडीमागं वेशीपर्यंत गेले. यांना मी त्या दिवशी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मीही तेच केलं असतं." ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, हे मला माहीत आहे.

पुढच्या वर्षी आमची साताऱ्याला बदली झाली. कोरेगाव तिथून जवळ. तरी जायचं धाडस होईना. शेवटी भाद्रपदात एका रविवारी मी एकटीच गेले.

लेकीचं घर भरलेलं, खातंपितं. आबा स्वयंपाकघराला लागून असलेल्या सोप्यात भिंतीला टेकून बसले होते. धोतर स्वच्छ, दाढी केलेली. नजर पूर्ण गेली होती. माझा आवाज ऐकून म्हणाले, "मास्तरीण आली व्हय?" आणि हसले. मी विचारलेल्या गोष्टींची उत्तरं दिली, मास्तरांची चौकशी केली.

लेक आत चुलीपाशी होती. चांगली बाई, कष्टाळू, बापावर जीव असलेली. "आता लय गुनी झाल्यात आबा," ती आतून कौतुकानं म्हणाली. "आदी निस्ती कटकट करायचं. आता वाडलेलं खात्यात. कशाला म्हनून नाव ठेवत न्हाईत."

तेवढ्यात तव्यावर भेंडी पडल्याचा आवाज आला. चरचर झाली. मग दबली. लेकीनं पाण्याचा हबका मारला आणि वर झाकण ठेवलं.

मी आबांकडं पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी मान किंचित त्या बाजूला वळवली, ओठ हलल्यासारखे झाले, आणि पुन्हा सरळ बसले. भिंतीपलीकडून माझ्यावर ओरडणारा तो माणूस दोन हातांवर भेंडी रडत असताना गप्प बसला होता.

मी उठले. लेकीला म्हटलं, "तुम्ही बसा जरा. एवढं मला करू द्या." तिनं पाट पुढं सरकवला. मी झाकण काढलं आणि बाजूला ठेवलं. लाकूड मागं ओढलं. आवाज अजून दबलेलाच होता, पाणी पडलं होतं ना. मी पळीही हलवली नाही, नुसती बसून राहिले. दारातून मला आबा दिसत होते. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. दिसत नसतानाही मिटले होते.

बराच वेळ गेला. लेक म्हणाली, "लागंल हं." मी तिला हातानं थांबवलं. पाणी आटलं, तार आटली. आवाज हळूच मोकळा व्हायला लागला. झाली असं मलाही वाटलं. पण मी तोंड उघडलं नाही. माझा हात तव्याकडं गेला होता तो मी मागं घेतला आणि थांबले.

सोप्यात आबांचा उजवा हात वर गेला.

मी तवा उतरवला. भेंडी हिरवी होती, सुटी होती. वाटीत घालून मी त्यांच्यापुढं नेऊन ठेवली. त्यांनी एक चकती उचलली, दोन बोटांत दाबून पाहिली, तार नव्हती. न आवडणारी ती भेंडी त्यांनी तोंडात टाकली आणि सावकाश चावली.

"ही मातर माजी," आबा म्हणाले.